नानिक मोटवाने यांचा कर्णा

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या जुन्या शाळेच्या अडगळीत पत्र्याचा कर्णा पडला असेल, तर तो भंगाराच्या काट्यावर चढविण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी त्याच्यावरील धूळ एकदा पुसून पाहावी. खाली ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे निघाली, तर ती वस्तू शिकागोची नसून मुंबईच्या पेढीची आहे, आणि तिच्यामागे नानिक मोटवाने या गृहस्थांचे आयुष्य आहे. गांधी-नेहरूंच्या सभांच्या कितीतरी छायाचित्रांत वक्त्याच्या तोंडासमोर हेच नाव दिसते. पाहणाऱ्याचे लक्ष वक्त्याकडे जाते, हे साहजिकच होय.

मोटवाने घराणे सिंधमधले. नानिक यांचे वडील ज्ञानचंद यांनी १९०९ साली सक्कर येथे विजेच्या सामानाचा व्यापार सुरू केला; तो पुढे कराचीस आणि तेथून मुंबईस आला. एका अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या नावातले ‘शिकागो’ पेढीला चिकटले ते कायमचेच. घराण्यात सांगितली जाणारी आठवण अशी, की १९२९ च्या सुमारास तरुण नानिक यांनी गांधीजींची एक सभा पाहिली. गांधीजींचा आवाज मुळातच बारीक. हजारोंच्या जमावात पुढच्या काही रांगांपलीकडे तो पोहोचेना. माणसे दर्शन घेऊन परतत होती, विचार ऐकून नव्हे. ही उणीव यंत्राने भरून काढता येईल, असे या व्यापारीपुत्राच्या मनाने घेतले. परदेशी यंत्रे आणवून, ती उघडून, त्यांत फेरफार करून त्यांनी आपली सामग्री सिद्ध केली, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये तिचा आवाज घुमला.

त्यानंतर सभा तेथे मोटवाने, असा परिपाठच पडला. कर्णे, वर्धक आणि विजेची सोय नसेल तेथे बॅटऱ्या घेऊन त्यांची माणसे मुक्कामावर आगाऊ दाखल होत. यात व्यापाराचा हिशेब नव्हताच, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण सरकारची वक्रदृष्टी ओढवून घेणारी ही जाहिरात कोणताही निव्वळ व्यापारी करणार नाही, हेही तितकेच खरे.

निजामी मुलखातील या जिल्ह्याला त्या काळी कर्णा लाभणे कठीणच होते. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वये सभेलाच परवानगी लागे. तेथे ध्वनिवर्धकाची कथा काय? १९२९ सालीच व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांचे काम वर्गाच्या चार भिंतींत, साध्या आवाजात चालले. मुंबईत आवाज वाढविण्याची खटपट आणि हिप्परग्यात तो जपून वापरण्याची, असा हा एकाच वर्षाचा योग आहे.

नानिक यांची खरी कसोटी १९४२ साली लागली. ‘चले जाव’नंतर उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालविला. त्याला लागणारे साहाय्य शिकागो रेडिओकडून मिळाले. नोव्हेंबरात पोलिसांनी केंद्र पकडले, उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. नानिकही आरोपींच्या पिंजऱ्यात उभे राहिले. पुढे ते निर्दोष सुटले. परंतु खटला सुरू असताना तो निकाल कोणाला ठाऊक होता? पेढी, कारखाना, परवाने सारेच पणाला लागले होते. स्वातंत्र्यानंतर हा उद्योग वाढला आणि नाशिक रोड येथे स्थिरावला.

आता त्या अडगळीतल्या कर्ण्याविषयी. त्याची रचना समजण्यास अवघड नाही. मागच्या डबीत लोहचुंबक असतो. त्याच्या फटीत तारेचे बारीक वेटोळे आणि त्याला जोडलेला पातळ पडदा. विजेच्या चढउताराने वेटोळे हलते, पडदा थरथरतो, आणि कर्ण्याचा हळूहळू रुंदावत जाणारा गळा ती थरथर हवेला कमीत कमी नासाडीने देतो. म्हणूनच थोड्या शक्तीच्या वर्धकावरही तो दूरवर ऐकू येई. बिघाड बहुधा वेटोळे जळण्याचा किंवा पडदा फाटण्याचा असतो. चुंबक दीर्घकाळ टिकतो. मीटर लावून तार तुटली आहे काय हे दहावीचा विद्यार्थीही पाहू शकेल, आणि पडदा-वेटोळ्याची जोडी बदलता येते. दुरुस्त झालेला कर्णा लहान वर्धकाला जोडून मंद आवाजात घरी ऐकला, तर खर्ज मिळणार नाही. पण जुन्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकांत खर्ज मुळातच थोडा, त्यामुळे गायकाचे शब्द त्यातून लख्ख उमटतात. रस्त्यावर छाती हादरविणाऱ्या आजच्या ध्वनिभिंतींची सवय झालेल्यांना हा आवाज किरटा वाटेल, हे मान्य. नानिक यांनी मात्र तो शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळावा म्हणून उभा केला होता, छाती हादरावी म्हणून नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत असा एक कर्णा, त्याच्या मालकाच्या नावाची चिठ्ठी लावून, चालू स्थितीत ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही. भंगारात मात्र त्याला नुसत्या पत्र्याचा भाव मिळतो.