रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी १८८२ – १४ ऑक्टोबर १९५३) हे महाराष्ट्रातील संततिनियमनाचे आद्य प्रचारक, गणिताचे प्राध्यापक आणि 'समाजस्वास्थ्य' या मराठी मासिकाचे संस्थापक-संपादक होते. गर्भधारणा, लैंगिक आरोग्य आणि स्त्री-पुरुष संबंध यांविषयी त्यांनी मराठीतून शास्त्रीय भूमिकेने लेखन केले. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात गर्भधारणेची भीती ही विशेषतः विधवांच्या बाबतीत जीवनमरणाची बाब होती. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे ती कमी करण्यात आली. या खटल्यावरून स्त्रीजातीवर उठलेल्या टीकेला उत्तर म्हणून बुलढाणा येथील ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. दोष पुरुषाचाही असताना शिक्षा मात्र एकट्या स्त्रीलाच का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी रघुनाथरावांचा जन्म झाला. ताराबाईंनी ज्या अन्यायावर नैतिक बाजूने बोट ठेवले, त्यातील नकोशा गर्भधारणेच्या प्रश्नाला पुढे कर्वे यांनी शास्त्रीय ज्ञानाच्या बाजूने हात घातला.

जीवन

रघुनाथरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. आई राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. वडिलांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केल्यामुळे कुटुंबाला बहिष्कार सोसावा लागला. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत रघुनाथ पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी गणिताचे अध्यापन केले. पुढे उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते.

पत्नी मालतीबाई यांची त्यांच्या कार्यात अखेरपर्यंत साथ होती. अपत्य होऊ न देण्याचा निर्णय या दांपत्याने विचारपूर्वक घेतला होता व त्यासाठी रघुनाथरावांनी स्वतः नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. मालतीबाईंचे १९४४ मध्ये निधन झाले.

संततिनियमनाचे कार्य

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील प्रसिद्ध केंद्रही त्याच वर्षीचे. १९२३ मध्ये 'संततिनियमन' व 'गुप्तरोगांपासून बचाव' ही त्यांची पुस्तके प्रसिद्ध झाली. त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात प्राध्यापक होते. हे कार्य आणि नोकरी यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा, १९२५ मध्ये, त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतरचे आयुष्य आर्थिक ओढगस्तीत गेले.

कर्वे यांची भूमिका तत्कालीन राष्ट्रीय नेतृत्वालाही मानवणारी नव्हती. महात्मा गांधी कृत्रिम साधनांऐवजी ब्रह्मचर्याचा पुरस्कार करीत. १९३५ च्या अखेरीस अमेरिकेतील मार्गारेट सँगर यांनी वर्धा येथे गांधीजींची भेट घेतली, तरी ते मत बदलले नाही. बहुसंख्य विवाहितांकडून संयमाची अपेक्षा करणे अव्यवहार्य आहे आणि वारंवारच्या बाळंतपणांचा भार स्त्रीच्या शरीरावरच पडतो, असे कर्वे मांडत.

समाजस्वास्थ्य

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झाले. वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे हे त्याचे वैशिष्ट्य होते. ज्या गोष्टी घरात वा वैद्यापुढे विचारणे संकोचाचे वाटे, त्या वाचक पत्राने विचारीत.

या लेखनाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र कर्वे यांच्या मृत्यूपर्यंत, सुमारे सव्वीस वर्षे, चालू राहिले.

गर्भधारणेविषयीचे ज्ञान

कर्वे यांनी कार्य सुरू केले तेव्हा गर्भधारणेचे शास्त्र अपुरे होते. सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज १८२७ मध्ये कार्ल फोन बेअर यांनी शोधले होते. परंतु मासिक पाळीच्या चक्रात ते केव्हा बाहेर पडते, याचा उलगडा १९२० च्या दशकात जपानचे ओगिनो व ऑस्ट्रियाचे क्नाऊस यांच्या संशोधनातून झाला. स्त्रीबीज पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी अंडाशयातून सुटते. ते जेमतेम एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. दोहोंचा संयोग बीजवाहिनीत होतो व काही दिवसांनी फलित बीज गर्भाशयात रुजते. म्हणून शुक्राणू योनिमार्गात पोहोचल्याशिवाय गर्भ राहत नाही. केवळ स्पर्श, चुंबन किंवा एकाच पाण्यात स्नान यांमुळे तो राहू शकत नाही. उलट, पाळी अनियमित असल्यास दिवसांच्या मोजणीवर विसंबणे धोक्याचे ठरते. चिंता, आजारपण वा वजनातील बदल यांमुळेही पाळी लांबू शकते; त्यामुळे पाळी चुकणे म्हणजे निश्चित गर्भधारणा नव्हे. आज लघवीच्या साध्या तपासणीने ही शंका फिटते. कर्वे यांच्या वाचकांना अशी सोय उपलब्ध नव्हती.

वारसा

'आधुनिक कामशास्त्र' (१९३४) हा त्यांचा ग्रंथ विशेष गाजला. भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी कर्वे यांचे निधन झाले. य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. अमोल पालेकर दिग्दर्शित 'ध्यासपर्व' हा चित्रपट आणि 'समाजस्वास्थ्य' हे नाटक त्यांच्या जीवनावर आधारित आहेत.