डायक्स्ट्रा : चूक होऊच नये म्हणून झटलेला माणूस

मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूममधल्या मित्राच्या लॅपटॉपने आपणहून अपडेट घेतलं आणि नंतर तो सुरूच होईना. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडणं नकोत! पण त्या रात्री कॉरिडॉरमध्ये जो वाद पेटला तो दोन वाजेपर्यंत चालला. एक पार्टी म्हणे, अपडेट बंदच करून ठेवावं. दुसरी म्हणे, मग व्हायरस आला की रडत बसा. लिनक्सवाले तर अशा वेळी हजर असतातच. मीही तावातावाने बोललो, की लोकांना देण्याआधी नीट टेस्ट करायला यांना काय होतं?

दुसऱ्याच दिवशी ऑपरेटिंग सिस्टीम्सची ओरल होती. माझा प्रोड्यूसर-कन्झ्युमरचा प्रोग्रॅम मी रूमवर दहा वेळा चालवून पाहिला होता. एक्स्टर्नल सरांनी फक्त आयटम्सचा आकडा वाढवला आणि प्रोग्रॅम जागच्या जागी हँग झाला. सेमाफोरवर थांबायच्या दोन ओळी मी उलट्या क्रमाने लिहिल्या होत्या. बफर पूर्ण भरला तरच तिथे अडकायला होतं, आणि माझ्या दहा रनमध्ये तो कधी भरलाच नव्हता. सरांनी शांतपणे विचारलं की सेमाफोर कुणी शोधला. मला फक्त शॉर्टेस्ट पाथवाला डायक्स्ट्रा माहीत होता. सेमाफोरवालाही तोच, हे नंतर लायब्ररीत कळलं. मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो.

एड्सगर डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. लायडन विद्यापीठात ते थिऑरेटिकल फिजिक्स शिकत होते. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा एक छोटा कोर्स केला आणि १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रॅमर म्हणून काम सुरू केलं. तेव्हा हा धंदा कुणाला माहीतच नव्हता. १९५७ मध्ये लग्नाच्या फॉर्मवर त्यांनी व्यवसाय प्रोग्रॅमर असा लिहिला, तर सरकारी कचेरीने तो मान्यच केला नाही. शेवटी फिजिसिस्ट लिहून लग्न लावावं लागलं! आज आपल्याकडे उलटं आहे, नाही का?

तो प्रसिद्ध अल्गोरिदम त्यांना १९५६ मध्ये सुचला. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेले असताना दमून कॉफी प्यायला बसले आणि वीसेक मिनिटांत मनातल्या मनात सगळं जुळलं. हातात कागद-पेन्सिलही नव्हती. आपण मात्र त्यासाठी रात्रभर घोकंपट्टी करतो.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली खरी गोष्ट यानंतर सुरू होते. सेंटरमध्ये एक्स-वन नावाचं नवं मशीन यायचं होतं आणि त्यात इंटरप्ट असणार होता. म्हणजे चालू प्रोग्रॅम मध्येच कुठल्याही क्षणी थांबवून मशीन दुसरं काम करणार. डायक्स्ट्रा यांना याची चक्क भीती वाटली. कारण तोच प्रोग्रॅम, तोच डेटा, पण दोन वेळा चालवला तर इंटरप्ट वेगवेगळ्या जागी येणार. एकदा दिसलेली चूक पुन्हा दिसेलच असं नाही, मग ती शोधायची कशी? तरी त्यांनी ते काम अंगावर घेतलं आणि त्यावरच १९५९ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाले. तिथे एका छोट्या ग्रुपला घेऊन त्यांनी एक्स-एट मशीनसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवली. तिचं नाव टी.एच.ई., म्हणजे युनिव्हर्सिटीच्या डच नावाची आद्याक्षरं. इमारतीच्या मजल्यांसारखी तिची रचना होती. सर्वांत खाली प्रोसेसरची वाटणी, वर मेमरी, मग ऑपरेटरचा कन्सोल, मग इनपुट-आउटपुट आणि त्यावर युझरचे प्रोग्रॅम. खालचा मजला पक्का झाल्याशिवाय वरचा चढवायचा नाही. एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसेसनी एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा सिग्नलच जणू. १९६८ च्या पेपरात त्यांनी लिहिलं आहे की टेस्टिंगमध्ये पाचशे इन्स्ट्रक्शन्सला एक या प्रमाणात किरकोळ चुका निघाल्या आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांत सापडली. म्हणजे त्यांच्याही चुका झाल्याच! पण रचनेतली एकही नव्हती.

त्यांचं म्हणणं असं, की टेस्टिंगने चूक आहे हे कळतं, पण चूक नाही हे कधीच सिद्ध होत नाही. माझे दहा रन आठवले आणि लाज वाटली.

हे सगळं गोड गोड नव्हतं. युनिव्हर्सिटीत या कामाची फारशी कदर झाली नाही, ग्रुप मोडला आणि डायक्स्ट्रा डिप्रेशनमध्ये गेले. त्यातून सावरताना त्यांनी स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवरच्या नोट्स लिहिल्या. १९७२ चं ट्युरिंग अवॉर्ड त्यांना मिळालं. १९८४ पासून १९९९ पर्यंत ते अमेरिकेत टेक्सासला शिकवत होते. तेराशेवर टिपणं लिहिली, त्यातली बहुतेक फाउंटन पेनने. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधल्या न्यूनेन गावी कॅन्सरने ते गेले.

आता कॉरिडॉरमधला वाद. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. ती फाइल तपासली नव्हती असं नाही. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच चूक होती म्हणून ती पास झाली.

मग सगळं गणिताने सिद्धच का करत नाहीत? आमच्या लॅबमधल्या सरांशी यावर बोललो. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात सेल-फोर नावाचा कर्नल असा सिद्ध केला गेला, पण तो जेमतेम ८,७०० ओळींचा. आपल्या लॅपटॉपमधली सिस्टीम कोट्यवधी ओळींची असते. तिथे डायक्स्ट्रा यांची शिस्त पूर्णपणे पाळणं आजही जमलेलं नाही. त्यामुळे अपडेट घ्यावंच लागेल, कारण भोकं बुजवायला दुसरा उपाय नाही. फक्त बॅकअप आधी घ्यावा, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तर अपडेटच्या वाटेला जाऊच नये.

ओरलला मार्क किती मिळाले ते विचारू नका. त्या दोन ओळींची अदलाबदल करायला मला अर्धा मिनिट लागला. पण या वेळी रन करण्याआधी मी वही घेतली. बफर रिकामा असेल तर, अर्धा असेल तर, पूर्ण भरला असेल तर काय होईल ते एकेक करून लिहून काढलं, आणि मगच एंटर दाबलं.