संगणक बनवून घेणारे डॉ. होमी भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबई येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांना चित्रे काढण्याचा व संगीताचा फार नाद होता. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून ते १९२७ साली इंग्लंडला केंब्रिज येथे शिकायला गेले. तिथे त्यांचे मन पदार्थविज्ञानात रमले. पण त्यांनी इंजिनिअरिंग अर्धवट नाही सोडले. आधी पहिल्या वर्गात पास झाले आणि मगच आवडीचा विषय घेतला.

१९३९ साली ते सुट्टीला घरी आले आणि तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. मग ते इथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली.

भाभा म्हटले की सगळे अणुशक्तीच सांगतात. पण गुरुजींनी सांगितलेली संगणकाची गोष्ट मला जास्त आवडली. शास्त्रज्ञांची गणिते फार लांबलचक असतात. तेव्हा भाभांच्या संस्थेतल्या तरुणांनी मुंबईतच संगणक बनवायला घेतला. आधी छोटा नमुना करून पाहिला. मोठा संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. जुन्या रेडिओत असायच्या ना, तशा सुमारे २७०० काचेच्या नळ्या त्यात होत्या. हुकूम द्यायचा तर कागदी पट्टीला भोके पाडायची!

ह्या कामाचे प्रमुख आर. नरसिंहन होते. यंत्राला चित्रातल्या रेषा व आकार ओळखायला कसे लावायचे, याचा त्यांनी पुढे अभ्यास केला. आज जिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, ती अशाच कामांतून वाढली. यंत्राला हजारो फोटो दाखवतात, मग ते नवा फोटो ओळखते. कारखान्यात तडा गेलेला भाग शोधते. बँकेत फसवाफसवीचा व्यवहार हुडकते. कॅमेऱ्याने चांगला कांदा आणि सडका कांदा पण वेगळा करते. आमच्या कळवणला चाळीतला कांदा निवडायला बाया बसतात, माझी आई पण जाते. यंत्र आल्यावर त्यांच्या मजुरीचे काय, ते गुरुजींनाही सांगता आले नाही.

भाभांना झाडांची फार माया होती. इमारतीच्या आड येणारे मोठे झाड ते तोडू देत नसत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला सांगत.

२४ जानेवारी १९६६ रोजी युरोपात माँ ब्लां पर्वतावर विमान आदळून त्यांचे निधन झाले. तेव्हा ते फक्त ५६ वर्षांचे होते. १९६७ साली तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राला त्यांचे नाव दिले.

– इयत्ता चौथी