मॅकफर्सन : मोटारीला सरळ चालविणारा अभियंता

छोट्या मोटारींच्या माहितीपत्रकात पुढच्या सस्पेन्शनपुढे ‘मॅकफर्सन स्ट्रट’ हे दोन शब्द बहुधा छापलेले असतात. त्यातील पहिला शब्द म्हणजे अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याचे आडनाव.

मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ मध्ये इलिनॉय राज्यात झाला. तेथील विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते मोटार व्यवसायात शिरले. १९४५ मध्ये शेव्हरोलेने त्यांच्यावर एक हजार डॉलरच्या आत बसणारी छोटी मोटार घडविण्याची जबाबदारी सोपविली. ‘कॅडेट’ नावाच्या या मोटारीसाठी त्यांनी स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात गुंफले. खांबाचे वरचे टोक थेट बॉडीला आणि खालचे लोअर आर्मला जोडले. वरच्या आर्मची गरजच उरली नाही. जागा, वजन आणि खर्च तिन्ही वाचले.

परंतु १९४७ मध्ये कंपनीने हा प्रकल्प गुंडाळला. हाती घेतलेले स्वप्न असे मोडल्यावर मॅकफर्सन त्याच वर्षी फोर्डमध्ये गेले. ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सुल आणि झेफर या मोटारी १९५० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आल्या, त्या हाच खांब घेऊन. पुढे १९८३ मध्ये भारतात आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही तोच आधार होता.

या रचनेच्या साधेपणातच तिची नाजूक बाजू दडलेली आहे. चाकाचा कोन मोजक्याच सांध्यांवर अवलंबून असल्याने एखादा सांधा झिजला, तरी गाडी भरकटू लागते. म्हणूनच निदानाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर प्रथम टायरमधील हवा पाहावी. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलविल्यास जाणवणारी ढिलाई बहुधा बॉल जॉइंट किंवा बेअरिंगची असते. डावी-उजवीकडे जाणवणारी टाय रॉड एंडची. स्टिअरिंग फिरविताना होणारा करकर आवाज अनेकदा स्ट्रटच्या वरच्या माउंटकडे बोट दाखवितो. टायरची एकच कड झिजत असेल, तर कॅम्बर तपासावा. रबरावर करवतीसारखे दाते उमटले असतील, तर टो.

व्हील अलाइनमेंट सर्वांत शेवटी. झिजलेला सांधा तसाच ठेवून केलेले अलाइनमेंट काही दिवसांतच बिघडते आणि पैसे वाया जातात. शिवाय अनेक छोट्या मोटारींत पुढच्या चाकांचा केवळ टोच जुळविता येतो. अशा मोटारीचा कॅम्बर बिघडला असेल, तर स्ट्रट किंवा आर्म वाकल्याची शंका घेणे उचित. खड्ड्यात जोराने आदळलेल्या गाडीबाबत ही तपासणी टाळणे सुरक्षिततेच्या दृष्टीने महागात पडू शकते.

मॅकफर्सन १९५८ मध्ये फोर्डमधून निवृत्त झाले आणि १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. ‘कॅडेट’ कधीच बाजारात आली नाही. तिच्यासाठी घडविलेला खांब मात्र आजही जगभरातील असंख्य छोट्या मोटारींचा भार पेलतो आहे.