जमशेटजी टाटा : कर्ज आणि परतफेड

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मध्यंतराच्या चहाला कोपऱ्यात उभ्या असलेल्या चार जणांना सहज विचारून बघा, शिकलात कुठं? एक म्हणेल पुण्याचं सीओईपी, दुसरा माटुंग्याचं व्हीजेटीआय, तिसरा पवईची आयआयटी, आणि चौथा मी, सांगलीचा वालचंदवाला. इथं इंग्लंडात येऊन स्थिरावलेल्या आपल्या पिढीतली निम्मी घरं तरी कुठल्या ना कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पायावर उभी आहेत. ही कॉलेजं जणू डोंगर-नद्यांसारखी कायमचीच होती असं आपण धरून चालतो. पण 'हिंदुस्थानात उच्च तंत्रशिक्षण हवंच कशाला?' असा प्रश्न विचारला जायचा, तो काळ तसा फार जुना नाही. त्या प्रश्नाशी आयुष्याच्या शेवटापर्यंत झगडलेल्या माणसाची ही गोष्ट. नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे, जमशेटजी नसरवानजी टाटा. आपल्याला त्यांचं पोलाद माहीत असतं, ताजमहाल हॉटेल माहीत असतं. मला मात्र त्यांचं तिसरं काम सगळ्यात मोठं वाटतं.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं, पण वडील नसरवानजी व्यापारासाठी मुंबईत आले आणि मुलालाही त्यांनी तिथं बोलावून घेतलं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण पूर्ण करून १८५८ मध्ये जमशेटजी बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी वडिलांच्या धंद्यासाठी हाँगकाँगला गेले. १८६४-६५ च्या सुमारास ते लंडनमध्ये होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. टाटांनाही जबर फटका बसला. ऐन पंचविशीत, परक्या शहरात, देणेकऱ्यांसमोर उभं राहायची पाळी त्यांच्यावर आली. त्यांनी तोंड लपवलं नाही. कर्ज म्हणजे काय आणि ते फेडायचं कसं, याचा पहिला धडा त्यांना असा लंडनमध्ये मिळाला.

१८६८ मध्ये २१ हजार रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापड गिरणी केली आणि नफ्यात विकली. मग त्यांनी नजर वळवली ती आपल्या नागपूरकडे. मुंबई सोडून नागपुरात गिरणी? लोकांना हा वेडेपणा वाटला. पण विदर्भाचा कापूस दाराशी होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि रेल्वे आलेली होती. भराव घालायला लागेल अशी पाणथळ जागा त्यांनी घेतली, तेव्हा हा माणूस खड्ड्यात सोनं ओततोय म्हणून एका सावकारानं पैसे द्यायचं नाकारलं. पुढं त्याच सावकारानं, त्यांनी माती ओतली आणि सोनं काढलं, अशी कबुली दिली म्हणतात. १ जानेवारी १८७७ ला 'एम्प्रेस मिल' सुरू झाली. (आमच्या नागपूरकर मित्रांना सांगायला नकोच. गिरणी पुढं बंद पडली आणि आता त्या जागेवर मॉल उभा आहे.)

या गिरणीतच त्यांना खरी अडचण उमगली असावी असं मला वाटतं. सुरुवातीला घेतलेली स्वस्तातली यंत्रं त्रास द्यायला लागली, ती बदलावी लागली. रिंग स्पिंडल हे सूतकताईचं नवं तंत्र लँकेशायरचे गिरणीवाले अजून घ्यावं की नको करत असताना जमशेटजींनी ते नागपुरात आणून चालवून दाखवलं. पण यंत्रं आणली तरी ती समजणारी माणसं कुठून आणायची? त्या काळी आपल्याकडच्या गिरण्यांना यंत्रं इंग्लंडहून यायची आणि ती चालवणारे साहेबही तिथूनच यायचे. भांडवल आपलं, कापूस आपला, घाम आपला, पण यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजं तर तेव्हाही होती. होती ना! रुरकी १८४७ चं, आपलं पुण्याचं कॉलेज १८५४ चं, शिबपूर १८५६ चं. पण ती मुख्यतः सरकारच्या बांधकाम खात्याची गरज भागवण्यासाठी काढलेली होती. रस्ते, कालवे, पूल यांवर देखरेख करायला माणसं हवी होती, ती तिथं तयार व्हायची. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही १८५७ ची विद्यापीठं परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायची. नवीन काही शोधून काढावं, धातूची, रसायनांची, विजेची विद्या आपल्या मातीत वाढवावी, याची सोय कुठंच नव्हती.

यावर जमशेटजींनी पहिला उपाय केला तो आपल्याला अगदी जवळचा. हुशार मुलं परदेशी पाठवायची! १८९२ मध्ये त्यांनी जे. एन. टाटा एन्डाउमेंट सुरू केलं. आधी ते पारशांपुरतं होतं, पण दोनच वर्षांत सगळ्यांसाठी खुलं झालं. सुरुवातीच्या शिष्यवृत्तीधारकांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पुढं के. आर. नारायणन, राजा रामण्णा, जयंत नारळीकर अशी माणसं या निधीच्या मदतीनं इथं इंग्लंडात शिकून गेली.

पण गंमत अशी की ही शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हतं. ते कर्ज होतं. शिका, कमवा आणि पैसे परत करा, म्हणजे त्याच पैशात पुढचा मुलगा जाईल. मदत घेणाऱ्याला मिंधं वाटू नये आणि निधीही आटू नये, अशी दुहेरी सोय. व्यापाऱ्याचं डोकं आणि आईचं काळीज, दोन्ही त्यात दिसतं.

आणखी कुणी असता तर इथंच थांबला असता. पण परदेशी पाठवून पाठवून किती पाठवणार? वर्षाला चार, फार तर दहा. परत आल्यावर त्यांनी काम कुठं करायचं? प्रयोगशाळा कुठं होती? विहिरीचं पाणी घागरीनं आणायचं की गावातच विहीर खणायची, असा हा प्रश्न होता. जमशेटजींनी विहीर खणायचं ठरवलं.

बर्जोरजी पादशाह या आपल्या विद्वान सहकाऱ्याला त्यांनी युरोपातल्या विद्यापीठांचा अभ्यास करायला पाठवलं. नमुना म्हणून अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ डोळ्यांसमोर होतं, जिथं संशोधनाला पहिला मान होता. योजना भव्य होती. विज्ञान आणि तंत्रज्ञान, वैद्यक, आणि तत्त्वज्ञान-शिक्षण असे तीन विभाग. तत्त्वज्ञान कशाला, असं वाटेल. पण १८९३ मध्ये जपानहून अमेरिकेला जाताना बोटीवर जमशेटजींचे सहप्रवासी होते स्वामी विवेकानंद. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८९८ मध्ये, जमशेटजींनी त्या प्रवासातल्या बोलण्याची आठवण देऊन स्वामीजींना पत्र लिहिलं आणि या कामासाठी लोकांना जागं करा अशी विनंती केली.

पैशाचं काय? मुंबईतल्या आपल्या चौदा इमारती आणि चार जमिनी त्यांनी या कामासाठी बाजूला काढल्या. किंमत ३० लाख रुपये. त्यांच्या मालमत्तेचा जवळजवळ निम्मा हिस्सा! आणि संस्थेला स्वतःचं नाव द्यायचं नाही, हेही ठरलेलं. नाव दिलं तर बाकीचे म्हणतील टाटांचं काम आहे, टाटा बघून घेतील. संस्था देशाची वाटली पाहिजे.

लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून मुंबईच्या बंदरात उतरले ३० डिसेंबर १८९८ ला. दुसऱ्याच दिवशी या योजनेचं शिष्टमंडळ त्यांच्यापुढं हजर! साहेबांच्या शंका दोन. इतकं वरचं शिकायला विद्यार्थी मिळतील का? आणि मिळाले तरी शिकून त्यांना नोकऱ्या कोण देणार? शंका अगदीच खोट्या नव्हत्या. कारखाने नाहीत म्हणून इंजिनिअर नकोत, आणि इंजिनिअर नाहीत म्हणून कारखाने नाहीत, असं ते चक्र होतं. जमशेटजी ते दोन्ही टोकांनी फोडायला निघाले होते. पोलादाचा कारखाना आणि सह्याद्रीच्या पाण्यावर वीज, या दोन्ही योजना त्यांच्या डोक्यात त्याच वेळी शिजत होत्या.

मग सुरू झाला सरकारी कारभार. इंग्लंडहून रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे आले, हिंदुस्थानभर फिरले आणि त्यांनी बंगळूरच्या बाजूनं कौल दिला. त्यांच्यानंतर मेलबर्नचे प्रा. मॅसन आणि रुरकीचे प्राचार्य क्लिबॉर्न यांची समिती बसली. खर्चाचे आकडे खाली आले, विभाग कमी झाले, पैशांच्या व्यवस्थेवरून कागद इकडून तिकडे फिरत राहिले. म्हैसूर संस्थान मात्र मोठ्या मनाचं. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात बोलणी झाली आणि संस्थानानं बंगळुरात ३७१ एकर जमीन दिली, शिवाय पैशाची मदतही.

जमशेटजी वाट बघत राहिले. तब्येत ढासळत होती. मार्च १९०४ मध्ये पत्नी हिराबाई गेल्या आणि १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइम इथं जमशेटजींनी देह ठेवला. संस्थेची एक वीटही तेव्हा रचली गेलेली नव्हती.

त्यांना अखेरची जागा मिळाली ती मात्र आपल्या शेजारी, सरे परगण्यातल्या ब्रुकवुडच्या दफनभूमीत. वॉटर्लूहून गाडीत बसलं की तासाभरात ब्रुकवुड येतं, आणि दफनभूमी स्टेशनला लागूनच आहे. मी एका रविवारी मुलांना घेऊन गेलो होतो. पारशी विभागात त्यांची समाधी आहे, तिथंच त्यांचे मुलगे दोराबजी आणि रतनजीही आहेत. आजूबाजूला उंच झाडं आणि शांतता. "हे टाटा म्हणजे मिठाचे, चहाचे आणि जॅग्वारचे का?" असं धाकटीनं विचारलं. हो म्हणालो. पण मला तिला जे सांगायचं होतं ते पाटीवर मावणारं नव्हतं.

काम थांबलं नाही, याचं श्रेय दोराबजी आणि रतनजींना. त्यांनी वडिलांचा शब्द पाळला. २७ मे १९०९ ला सरकारी हुकूम निघाला, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अस्तित्वात आली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. पहिल्या विभागांत रसायनशास्त्राबरोबर विद्युत तंत्रज्ञान होतं, तेही योग्य ठिकाणी. शिवसमुद्रमची जलविद्युत १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळत होती आणि बंगळुरात १९०५ मध्येच विजेचे दिवे लागले होते. जमशेटजींनी नाव देऊ दिलं नाही, पण बंगळूरच्या लोकांनी त्यांचं ऐकलं नाही. ते आपले 'टाटा इन्स्टिट्यूट'च म्हणत आले!

या विहिरीचं पाणी पुढं कुठं कुठं गेलं बघा. १९४० मध्ये आपल्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरात विमानाचा कारखाना काढला, आणि १९४२ मध्ये या संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. तो उभा करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. भारतीय बनावटीचं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांच्या आराखड्यावरून तयार होऊन १९५१ मध्ये आकाशात गेलं. संस्थेचे संचालक ज्ञानचंद्र घोष पुढं खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे पहिले संचालक झाले. तिचं उद्घाटन १९५१ चं. मग पवई १९५८, मद्रास आणि कानपूर १९५९. पवईला रशियाची मदत होती, कानपूरला अमेरिकेची. पण परदेशी मदत येईल तेव्हा ती झेलायला घरची माणसं तयार होती, ती आधीच्या अशा संस्थांमुळं.

सगळं काही सोन्याचंच होतं असंही नाही. १९३३ मध्ये मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, तिथं प्रवेश मागायला गेल्या. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले. तरीही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला, काम करून दाखवलं, आणि पुढं केंब्रिजची पीएच.डी. घेतली. विहीर खणली म्हणजे सगळ्यांना पाणी भरू देतातच असं नाही, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता राहिला परतफेडीचा प्रश्न. टाटांची शिष्यवृत्ती घेणाऱ्याला हिशेब स्वच्छ होता. इतके घेतले, इतके परत करायचे. आपल्यापैकी बहुतेकांना तसं कुणी बिल पाठवलं नाही. मी सांगलीला वर्षाची जी फी भरली, तेवढ्यात आमच्या वर्कशॉपमधल्या एका लेथचा वर्षाचा खर्चही निघाला नसता. बाकीचे पैसे कुणाचे होते? ज्यांची मुलं कधी कॉलेजची पायरी चढली नाहीत, अशांच्या करातूनही ते आले होते. मी इथं आलो ते माझ्या कष्टानं, हे खरंच. पण शिडी आधीच लावलेली होती.

हे कुणाला लाजवण्यासाठी लिहीत नाही. कुणी परत जावं, असंही माझं म्हणणं नाही. मी स्वतःही गेलेलो नाही. पण जमशेटजींनी कर्ज आणि दान यांत जो फरक केला, तो मला फार मोलाचा वाटतो. दान दिलं की आपण मोठे होतो. कर्ज फेडलं की आपण फक्त मोकळे होतो. जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयासाठी, प्रयोगशाळेतल्या एखाद्या यंत्रासाठी किंवा गावाकडच्या एखाद्या मुलीच्या वसतिगृहाच्या खर्चासाठी पैसे पाठवताना आपण उपकार करतोय असं मनात येऊ नये, एवढंच.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडं हिशेबाच्या वहीचीही पूजा करतात. इथं वह्या राहिल्या नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर असतं. तरी यंदा एक साधी वही आणावी म्हणतो. पहिल्या पानावर कॉलेजचं नाव लिहायचं, आणि खाली, येणं नव्हे, देणं.