कवचाबाहेरचे पिल्लू

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की माझी आजी भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढी. एकविसाव्या रेघेआधी टोपलीला हात लावायची आम्हां पोरांना बंदी. मी एकदा एक अंडे फोडून पाहिले आणि मार खाल्ला. पुढे मार्चेल्लो माल्पिघीचे चरित्र वाचले, तेव्हा हा तर आपल्यातलाच निघाला असे वाटले.

त्याचा जन्म १६२८ चा, इटलीतील बोलोन्याजवळच्या क्रेवाल्कोरे गावचा. त्याच साली हार्वेचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ निघाला. एकविसाव्या वर्षी आईवडील दोघेही गेले आणि धाकट्या भावंडांचा भार अंगावर पडला. तरी १६५३ मध्ये त्याने वैद्यकाची पदवी मिळवली. १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात त्याला केशवाहिन्या दिसल्या. रोहिणीतले रक्त नीलेत जाते कसे, हे हार्वेला न सुटलेले कोडे सुटले.

पण मला भावले ते त्याचे अंड्यांचे काम. उबवणीतली अंडी तो ठराविक तासांनी उचली, फोडी आणि बलकावरची पांढरट टिकली कापून काचेवर पसरी. कवचात जे दिसत नव्हते ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले : कण्याच्या जागी दुहेरी रेघ, दोन्ही बाजूंना मणक्यांचे ठिपके, दुसऱ्या दिवशी रक्तवाहिन्यांचे जाळे आणि धडधडणारे हृदय. काचेवर आलेला जीव अर्थातच वाचत नसे. त्या अंड्याचे खाते तिथेच बंद, पुढच्या तासाला दुसरे अंडे. आम्ही कॉमर्सवाले याला रोजकीर्द म्हणू! ती त्याने १६७२ मध्ये चित्रांसह लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडली.

या कीर्दीतली पहिलीच नोंद मात्र फसवी निघाली. न उबवलेल्या अंड्यातही गर्भाची आकृती दिसते, असे त्याने लिहिले. पिल्लू आधीच घडलेले असते, ऊब त्याला फक्त मोठे करते, असे मानणाऱ्या पंडितांना आयता पुरावा मिळाला. पण ते अंडे आदल्या दिवशीचे होते, महिना ऑगस्टचा आणि उकाडा कडक. कोंबडी बसली नव्हती, उन्हाळाच बसला होता! (आजी मे महिन्यात बसवायची अंडी चुलीपासून दूर, गार कोपऱ्यात का ठेवी, ते मला इथे कळले.) शून्य शिल्लक समजून उघडलेल्या खात्यात आधीच जमा होती. पण त्या उष्म्याची नोंद खुद्द माल्पिघीनेच करून ठेवली होती. १७५९ मध्ये व्होल्फने अवयव हळूहळू घडत जातात असे दाखवले, तरी वाद पुष्कळ वर्षे चालला.

१६८४ मध्ये त्याच्या घराला आग लागून सूक्ष्मदर्शके आणि कागदपत्रे जळाली. असल्या बारीक चिरफाडीचा रोग्याला उपयोग काय, म्हणून बोलोन्यातले सहकारी हात धुवून मागे लागले. १६९१ मध्ये तो पोपचा वैद्य म्हणून रोमला गेला आणि १६९४ मध्ये तिथेच वारला. शवविच्छेदन त्याचा शिष्य बाग्लिव्ही याने केले. मेंदूत रक्तस्राव झालेला आढळला.