विश्लेषण : आयुष्यभर एकच लेन्स कशी पुरली? हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्या कॅमेऱ्याची गोष्ट

मोबाइलचा कॅमेरा उघडला की खाली ०.५, १, २, ५ अशी बटणे दिसतात. जागेवरून न हलता दृश्य जवळ आणायचे किंवा लांब न्यायचे, एवढे काम एका बोटाने होते. ज्यांच्या छायाचित्रांवरून जगभर फोटोग्राफी शिकवली जाते, त्या फ्रान्सच्या हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी मात्र सुमारे चार दशकांचे बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या (मिमी) लेन्सवर केले. पैशांची अडचण होती म्हणून नव्हे. त्यांच्या घराण्याचा सुती धाग्याचा मोठा व्यवसाय होता. मग हा हट्ट कशासाठी? आणि रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी लेन्सचा संच निवडणाऱ्यांना त्यातून काय शिकता येते?

कोण होते कार्तिए-ब्रेसाँ?

जन्म २२ ऑगस्ट १९०८, पॅरिसजवळच्या शांतलू-आँ-ब्री गावात. घरच्या व्यवसायात त्यांना रस नव्हता. चित्रकार व्हायचे म्हणून त्यांनी आंद्रे लोत यांच्याकडे धडे घेतले. भूमितीची आणि रचनेची शिस्त त्यांना तिथेच लागली. पुढे ते आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टला गेले, शिकारीवर गुजराण केली आणि तापाने मरता मरता वाचून परतले. त्यानंतर हंगेरियन छायाचित्रकार मार्टिन मुंकाची यांचे एक छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले. टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणारी तीन मुले त्यात होती. असा क्षण कुंचल्याने पकडता येणार नाही, हे त्यांना तेव्हा उमगले. १९३२ मध्ये मार्सेय शहरात त्यांनी लायका कॅमेरा घेतला. त्याला ५० मिमीची लेन्स होती.

रेंजफाइंडर म्हणजे काय?

आपले दोन डोळे जसे अंतर ओळखतात, त्याच तत्त्वावर हा कॅमेरा चालतो. पुढच्या बाजूला थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा व्ह्यूफाइंडरमध्ये एकावर एक दिसतात. लेन्सचे कडे फिरवत त्या जुळवल्या की फोकस झाला. लायकाच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ही सोय नव्हती, अंतर अंदाजाने ठरवावे लागे. लेन्सशी जोडलेला अंगभूत रेंजफाइंडर १९३२ च्या ‘लायका २’मध्ये आला.

एसएलआर कॅमेऱ्यात आपण आरशाच्या मदतीने लेन्समधून पाहतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्स वेगळी आणि पाहण्याची खिडकी वेगळी. त्यामुळे लेन्स बदलली तरी खिडकीतले दृश्य बदलत नाही. त्या लेन्समध्ये किती भाग येईल, हे दाखवणारी प्रकाशरेषांची चौकट तेवढी बदलते. याचे दोन परिणाम होतात. चौकटीबाहेरचेही दिसत राहते, म्हणजे कोण आत येऊ घातले आहे हे आधीच कळते. पण लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी चौकट छोटी आणि अचूक फोकस अवघड. म्हणून या कॅमेऱ्यावर १३५ मिमीच्या पलीकडे सहसा कुणी जात नाही.

३५, ५० की ९० : फरक नेमका काय?

३५ मिमी फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिमीची असते. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो. उभा माणूस डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून आडव्या चौकटीत बसवायचा, म्हणजे २.४ मीटर उंचीचा भाग टिपायचा, तर ३५ मिमीला साडेतीन मीटरवर, ५० मिमीला पाच मीटरवर आणि ९० मिमीला नऊ मीटरवर उभे राहावे लागते. थोडक्यात, लेन्स निवडणे म्हणजे आपण माणसापासून किती अंतरावर उभे राहणार, हे ठरवणे.

चित्राचा भाव या अंतरावरच ठरतो. जवळ गेले की पुढचा माणूस मोठा आणि मागचे घर लहान दिसते. लांब गेले की दोन्ही एकमेकांजवळ आल्यासारखे वाटतात. हा गुण लेन्सचा मानला जातो, पण तो खरे तर उभे राहण्याच्या जागेचा आहे.

ब्रेसाँ यांनी ५० मिमीच का धरली?

पहिले कारण अंतराचे. पाच मीटरवरून माणसाचे हावभाव दिसतात, पण त्याच्या बोलण्यात आपण लुडबुड करत नाही. ब्रेसाँ यांना आपली दखल घेतली गेलेली नको असे. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग ते काळ्या पट्टीने झाकत. फ्लॅश ते वापरत नसत.

दुसरे कारण रचनेचे. छायाचित्र नंतर कातरायचे नाही, पूर्ण निगेटिव्ह छापायची, हा त्यांचा नियम होता. याला मोजकेच अपवाद आहेत. त्यातला सर्वांत गाजलेला १९३२ चा, पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा. कुंपणाच्या फटीत लेन्स धरून तो फोटो घेतल्याने कडेला फळी आली होती, ती कापावी लागली. कातरायचे नसेल तर नेमक्या जागी उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. लेन्स एकच असली की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट कुठे संपेल हे अंगवळणी पडते.

तिसरे कारण वेगाचे. एफ/८ अॅपर्चर ठेवून ५० मिमी लेन्स पाच मीटरवर लावली की सुमारे साडेतीन ते साडेनऊ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. रस्त्यावरच्या घटनेसाठी एवढा पट्टा पुष्कळ झाला, फोकस जुळवत बसावे लागत नाही. ९० मिमीला हाच पट्टा जेमतेम दीड मीटरचा उरतो.

३० जानेवारी १९४८ : अंधारातली कसोटी

दुसऱ्या महायुद्धात ब्रेसाँ जर्मनांच्या कैदेत सापडले. त्याआधी त्यांनी आपला लायका जमिनीत पुरून ठेवला होता. दोन प्रयत्न फसल्यावर १९४३ मध्ये ते निसटले आणि नंतर कॅमेरा उकरून काढला. ते युद्धात मारले गेले अशा समजुतीने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या स्मरणार्थ प्रदर्शनाची तयारी सुरू केली होती. १९४७ मध्ये ते प्रदर्शन झाले, तेव्हा ब्रेसाँ स्वतः हजर होते. त्याच वर्षी रॉबर्ट कापा, डेव्हिड सिमूर, जॉर्ज रॉजर यांच्यासह त्यांनी ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभारली. आशियाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि ते पत्नी रत्ना मोहिनी यांच्यासह भारतात आले. रत्ना या मूळच्या जावाच्या नृत्यांगना.

३० जानेवारीला दिल्लीत ते गांधीजींना भेटले आणि न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाची पुस्तिका त्यांना दाखवली. त्यानंतर काही वेळातच गांधीजींची हत्या झाली. ब्रेसाँ पुन्हा बिर्ला हाउसकडे धावले. रात्र झाली होती, सोबत फ्लॅश नव्हता. फाटकावर चढून जमावाला बातमी सांगणारे पंडित नेहरू त्यांनी मिळेल त्या प्रकाशात टिपले. ते छायाचित्र हललेले आणि धूसर आहे. पण त्या रात्रीचे दुःख त्याच्याइतके क्वचितच दुसऱ्या चित्रात उतरले असेल.

लेन्स निवडताना अॅपर्चर का पाहावे, हेही यातून कळते. एफ/२ ची लेन्स एफ/३.५ च्या तुलनेत सुमारे तिप्पट प्रकाश आत घेते. पण मोठ्या अॅपर्चरची लेन्स जाड, वजनदार असते आणि रेंजफाइंडरच्या खिडकीचा कोपरा अडवते. ब्रेसाँ यांनी पुढे एफ/२ ची, आत ढकलता येणारी समिक्रॉन लेन्स वापरली. पुरेसा प्रकाश आणि छोटा आकार यांतली ती तडजोड होती.

मग बाकीच्या लेन्स कशाला?

त्यांच्या पिशवीत ३५ आणि ९० मिमीही असत. निसर्गदृश्यात पुढची मोकळी जमीन टाळायची तर ९० कामी येई. जागा अपुरी असेल तर ३५. मात्र ३५ मध्ये एवढे काही आत येते, की कडा सांभाळणे कठीण होते, असे त्यांचे मत होते.

१९५४ मध्ये आलेल्या लायका एम३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ५०, ९० आणि १३५ च्या चौकटी होत्या, ३५ ची नव्हती. ३५ साठी लेन्सवर वेगळा चष्मा किंवा कॅमेऱ्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागे. ३५ ची चौकट त्यानंतरच्या एम२ मध्ये आली. म्हणून संच ठरवताना आधी कॅमेऱ्यात कोणत्या चौकटी आहेत ते पाहावे.

या निवडीची मर्यादा काय?

क्रिकेटचा सामना, पक्षी, व्यासपीठावरचा दूरचा वक्ता, फुलावरचा कीटक हे विषय ५० मिमीच्या रेंजफाइंडरला झेपत नाहीत. ब्रेसाँ यांना ती उणीव जाणवली नाही, कारण त्यांचा विषय चालता-बोलता माणूस होता. १९३७ मध्ये ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यांनी कॅमेरा राजाऐवजी रस्त्यावर जमलेल्या लोकांकडे वळवला. त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स लागलीच नाही. विषय आधी ठरला होता, लेन्स त्यामागून आली.

आज संच निवडायचा तर?

सगळ्या लेन्स एकदम घेऊ नयेत. आपण माणसांपासून किती अंतरावर मोकळे असतो, हे पाहून ३५ किंवा ५० पैकी एक घ्यावी. काही महिने तीच वापरल्यावर जे फोटो वारंवार हुकतात, त्यावरून दुसरी ठरवावी. ३५ सोबत ७५ किंवा ९०, तर ५० सोबत २८ किंवा ९० अशी जोडी बसते. ३५ आणि ५० मध्ये अंतर कमी असल्याने दोन्ही घेऊन सुरुवात करण्याची गरज नाही.

रेंजफाइंडर महाग आहे, पण प्रयोग फुकट करता येतो. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे २ चे बटण साधारण ५० मिमीची चौकट देते. एक दिवस फक्त तेवढेच ठेवून फिरावे, बाकीचे काम पायांवर सोडावे.

ब्रेसाँ यांनी १९७० च्या दशकात कॅमेरा जवळपास बाजूला ठेवला आणि ते पुन्हा रेखाटनाकडे वळले. ३ ऑगस्ट २००४ रोजी, ९५ व्या वर्षी, फ्रान्समधील प्रोव्हान्स भागातल्या घरी त्यांचे निधन झाले.